जस्ताची गाडी, मराठवाड्याची हवा: डायकास्ट मॉडेल नव्यानं रंगवताना

चुंबक घ्या आणि डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून घडवलेल्या छोट्या मॉडेल गाडीच्या टपाला लावा. चिकटणार नाही. चिकटलाच तर चाकांच्या दांडीला, कारण पोलाद तेवढंच. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते: बहुतेक सगळं जस्त, चार टक्क्यांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम आणि चिमूटभर तांबं-मॅग्नेशियम. बिदरी कामाची सुरई कधी हातात घेतली असेल तर हे वजन ओळखीचं वाटेल, तीही जस्ताचीच. रंगाचे निम्मे घोटाळे या धातूमुळे होतात. लोखंडी गेटला चालणारा ऑइल पेंट जस्तावर थेट मारला की जस्त आणि रंगातलं तेल यांचा आतल्या आत साबण होतो, आणि काही महिन्यांत नखानं पापुद्रा सुटतो. उरलेले निम्मे घोटाळे आपल्या पाण्याचे आणि हवेचे. हात बसलेला नाही म्हणून रंग बिघडला, असं फार कमी वेळा होतं.

कोणती गाडी घ्यावी

पहिल्यांदा १:६४ ची (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढ्या लांबीची), नवी, स्वस्तातली गाडी घ्या. फोक्सवॅगन बीटल सर्वांत सोपी: गोलाई आहे, एकच रंग शोभतो, धारदार कडा कमी आहेत. रंग कडांवर पातळ होतो आणि खाचांत साचतो, त्यामुळे टेलफिनवाल्या (मागं माशाच्या शेपटीसारखे पंख असलेल्या) अमेरिकन गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. विलीस जीप मास्किंग (रंग नको तो भाग टेपनं झाकणं) शिकायला उत्तम, कारण सगळ्या रेषा सरळ.

जत्रेतल्या किंवा खेळण्यांच्या दुकानातल्या मागे ओढून सोडायच्या अँबेसिडर-फियाट बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या असतात. पेंट रिमूव्हरमध्ये त्या विरघळतात. इथं चुंबकाचा उपयोग नाही, कारण दोन्हींना तो चिकटत नाही. चमच्यानं टप वाजवून बघा किंवा गाडी गालाला लावा. धातू गार लागतो.

दोन गाड्यांना हात लावू नका. एक, जिची बॉडी फुगली आहे किंवा जिला केसासारख्या भेगा पडल्या आहेत. जुन्या ओतकामात शिसं मिसळलं गेलं असेल तर जस्त आतून, कणाकणाच्या सीमेवरून कुजतं. त्यावर इलाज नाही आणि रंगानं ते झाकलंही जात नाही. दुसरी, १९६८ ते १९७७ मधली, टायरवर लाल रेघ असलेली हॉट व्हील्स. तिची किंमत मूळ रंगातच आहे.

खोलणं

मोठ्या मापाच्या गाड्यांना, म्हणजे १:१८ किंवा १:२४ ला, खालून साधे स्क्रू असतात. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलनं फोटो काढा आणि स्क्रू ज्या जागचे त्या जागेचं नाव लिहून कागदावर टेपनं चिकटवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. एवढं पुरे.

छोट्या गाडीला खाली दोन रिव्हेट असतात, एक पुढं, एक मागं. रिव्हेटच्या बरोबर मध्ये सेंटर पंचनं टिचका मारा. हा टिचका टाळला की ड्रिल घसरतं आणि बेसवर ओरखडा उठतो. आधी १.६ मिमीच्या बिटनं बारीक वाट करा, मग साडेतीन-चार मिमीच्या बिटनं रिव्हेटचं फक्त डोकं उडवा. एक-दीड मिमी खोलीपेक्षा पुढं जायचं नाही. डोकं कड्यासारखं सुटून बिटवर चढलं की थांबा. मशीन हळू चालवा. जस्त मऊ आहे, वेगात बिट एकदम आत ओढलं जातं आणि खांबच फाटतो.

परत जोडताना स्क्रू लागणार, तर आटे आत्ताच पाडून ठेवा, रंगानंतर नाही. खांबात १.६ मिमीचं भोक पाच-सहा मिमी खोल घ्या, एम-२ चा (दोन मिमी जाडीच्या स्क्रूचा) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तेलाचा थेंब टाकून फिरवा: अर्धा आटा पुढं, पाव आटा मागं. मागं फिरवल्यानं भुकटी तुटते. सरळ पुढंच रेटलं तर टॅप आत मोडतो, आणि मोडका टॅप जस्तातून काढणं म्हणजे गाडी टाकून देणं. चार मिमीचे एम-२ स्क्रू लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मिळतात.

रंग उतरवणं

हार्डवेअरच्या दुकानातला पेंट रिमूव्हर चालतो. काच, सीट, बेस, चाकं, सगळं बाजूला काढून फक्त धातूची बॉडी त्यात घाला. पाच-दहा मिनिटांत रंग सुरकुतून उठतो. जुन्या ब्रशनं ढकला, साबणाच्या पाण्यात धुवा, खाचांत उरलं तर दुसरा हात.

आता आपल्याकडची गोष्ट. बऱ्याच रिमूव्हरमधला मुख्य द्रव डायक्लोरोमिथेन असतो आणि तो ४० अंशांच्या आतच उकळतो. परभणी-नांदेडचा मे महिना त्याच्या पुढं जातो. म्हणजे पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बंद डब्यात दाब तयार झालेला असतो. दुपारी झाकण उघडलं की फवारा तोंडावर. डबा घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा, पहाटे उघडा, झाकणावर फडकं धरून हळूहळू सैल करा. काम गच्चीवर किंवा अंगणात, वाऱ्याकडं पाठ करून. साधे पातळ हातमोजे हा द्रव काही मिनिटांतच पार करतो, म्हणून हातमोज्यांवर भिस्त न ठेवता गाडी चिमट्यानं धरा. चष्मा हवाच. उरलेला गाळ मोरीत ओतायचा नाही. जुन्या कागदावर पसरून बाहेर सुकू द्या आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या.

कॉस्टिक सोडा वापरा असा सल्ला कुणीतरी देतंच. देऊ द्या. लोखंडाला तो चालतो, जस्ताला खातो: बुडबुडे येतात, बॉडी काळी पडते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. हार्पिकसारख्या आम्लाचंही तेच. मात्र प्लॅस्टिकच्या बंपरवरची चमक काढायची असेल तर हाच हार्पिक कामाचा, कारण ती चमक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो.

फार जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका.

घासकाम आणि पाणी

उघड्या धातूवर ओतकामाच्या साच्याची शिवण दिसते: बहुधा चाकाच्या कमानीवर आणि खांबांवर. ती बारीक कानशीनं काढा. मग पाण्याचा पेपर, ४०० नंबर, त्यानंतर ६०० आणि ८००. त्यापुढं जायची गरज नाही, प्रायमरला धरायला काहीतरी खरखरीत लागतं. दरवाजाच्या आणि बॉनेटच्या रेषा सुईनं किंवा ब्लेडच्या उलट्या बाजूनं किंचित खोल करा. हे आत्ताच करायचं. चार थर चढल्यावर त्या रेषा बुजतात. हिशोब करून बघा: सगळे थर मिळून ५० मायक्रॉन झाले तर १:६४ च्या हिशोबानं खऱ्या गाडीवर तो रंग ३.२ मिमी जाड ठरतो. पुटी थापल्यासारखा.

शेवटची धुणी कोणत्या पाण्यानं, यावर प्रायमर टिकणार की नाही ते ठरतं. मराठवाड्यातलं बहुतेक बोअरचं पाणी जड. थेंब वाळला की पांढरा डाग उरतो, तो क्षार असतो. प्रायमरच्या खाली तो राहिला तर पावसाळ्यात तिथंच फोड येतो. म्हणून भांड्याच्या साबणानं नळाच्या पाण्यात धुतल्यावर शेवटी बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड वॉटरनं खंगाळा. लिटरभर बाटलीत दहा-बारा गाड्या होतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या आणि इथून पुढं उघड्या बोटांनी बॉडीला शिवायचं नाही. पुसायला कापूस नको, त्याचे तंतू अडकतात. कापसाच्या मुलखात हे सांगावं लागतं खरं. चष्म्याचं फडकं उत्तम.

प्रायमर

जस्ताला एच (इंग्रजीत etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर लागतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड अशा शहरांत गाड्यांच्या रंगाच्या दुकानात दोन्ही मिळतात. मागताना ‘गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर मारायचाय’ असं सांगा, दुकानदाराला नेमकं कळतं. एच प्रायमरमधलं सौम्य आम्ल धातूत रुततं, त्यामुळे त्याचा एकच पातळ हात द्यायचा, खालचा धातू अर्धवट दिसला पाहिजे. जाड मारला तर आम्ल आतच कोंडून राहतं. त्यावर साध्या करड्या प्रायमरचे दोन हात. पिवळा, लाल किंवा नारिंगी रंग द्यायचा असेल तर पांढरा प्रायमर घ्या. हे रंग झाकत नाहीत, करड्यावर पिवळा मारला की मातकट हिरवट दिसतो.

प्रायमर वाळल्यावर गाडी उन्हात तिरकी धरून बघा. ओरखडे आणि भोकं आत्ता दिसतात. ती आत्ताच भरा आणि १००० नंबरनं हलकं घासा.

रंग आणि घड्याळ

ऑटो पेंटच्या दुकानात रंगाच्या कोडवरून १०० मिली रंग बनवून मिळतो. छोट्या गाडीला सगळे हात मिळून पाच-सहा मिली पातळ केलेला रंग पुरतो, १:१८ ला क्षेत्रफळाच्या हिशोबानं त्याच्या बारापट. मेटॅलिक घेताना सर्वांत बारीक कणांचा मागा. खऱ्या गाडीच्या मेटॅलिकमधला चाळीस मायक्रॉनचा कण १:६४ वर अडीच मिमीचा दिसतो, जणू बॉनेटवर साबुदाणा उधळलाय.

थरांचा क्रम पाळा: एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरवर ऑइल पेंट चालतो, ऑइल पेंटवर एनसी चालत नाही. लॅकरचं थिनर खालचा ऑइल पेंट उकलतं आणि तो वाळलेल्या बोरासारखा सुरकुततो. शक्यतो एकाच जातीचे सगळे थर घ्या.

एअरब्रश असेल तर ०.३ मिमी नोझल, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, गाडीपासून आठ-दहा सेंटिमीटर. लॅकर एक भाग, थिनर दीड ते दोन भाग. भांड्याच्या कडेवर चढवून सोडला की दुधासारखा ओघळला पाहिजे. स्प्रे कॅन असेल तर २० ते २५ सेंटिमीटर, आणि दोन मिनिटं हलवायचाच. फवारा गाडीच्या अलीकडं सुरू करा, पलीकडं थांबवा. गाडीवरच बोट दाबलं की पहिला थेंब तिथंच पडतो. आधी दोन नुसत्या धुक्यासारखे हात, मध्ये दहा मिनिटं. मग दोन ओले हात. धुक्याचे हात वगळून सरळ ओला मारला तर दारावर ओघळ ठरलेला.

आणि वेळ. एप्रिल-मे मध्ये दुपारी रंग मारू नका. नोझलमधून निघालेला थेंब गाडीपर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. लोक याला रंगाचा दोष समजून दुकानदाराशी भांडतात. सकाळी सहा ते आठ हीच वेळ, तेव्हा वाराही पडलेला असतो. दुपारनंतर काळ्या मातीची जी धूळ उठते ती ओल्या रंगावर बसली की घासण्याशिवाय गत्यंतर नाही. उकाडा आहे म्हणून कूलर लावून त्याच खोलीत रंग मारणं ही त्याहून मोठी चूक: कूलर हवेत पाणी सोडतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार करतं, त्यावर दमट हवेतली वाफ जमते आणि काळा रंग पांढुरका, धुकट पडतो. जुलै ते सप्टेंबर पावसाची झड असताना हेच होतं. धुकटपणा आला तर घाबरू नका. कोरड्या दिवशी रिटार्डर (हळू उडणाऱ्या) थिनरचा अगदी हलका फवारा द्या, बहुतेक वेळा उतरतो.

रंग मारून झाल्यावर गाडी लगेच उन्हात किंवा तापलेल्या पत्र्यावर ठेवण्याचा मोह आवरा. वरचा थर आधी वाळून कडक होतो, खालचं थिनर उकळून त्याला फोडत बाहेर येतं, आणि टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात. प्लॅस्टिकच्या डब्याखाली सावलीत झाकून ठेवा. लॅकर वीस मिनिटांत हाताला लागत नाही, पण टेप लावायला किमान एक दिवस हवा. ऑइल पेंटला पाच ते सात दिवस. गाडी नाकाजवळ धरा. थिनरचा वास येतोय तोवर रंग कच्चा.

या कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

दोन रंग

काळीपिवळी हे आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं दुरंगी काम: तालुक्याला जाणारी जीप असो की मुंबईची फियाट, खाली काळा, टपाला पिवळा. आधी पिवळा मारा. काळ्यावर पिवळा चढवायला सहा हात लागतील, पिवळ्यावर काळा दोन हातांत झाकतो. हार्डवेअरची मास्किंग टेप जाड आणि तिची कड धुळीनं खराब झालेली असते; काचेवर चिकटवून नव्या ब्लेडनं कड कापून घ्या, मग वापरा. वळणावर दोन-दोन मिमीच्या पट्ट्या लावा, रुंद टेप वळत नाही, उठते.

टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी पिवळाच पुन्हा एक हलका हात मारा. झिरपायचंच असेल तर तो पिवळा झिरपेल, आणि फट बुजेल. मग काळा. टेप रंग अर्धवट ओला असताना, अर्ध्या तासात, स्वतःवरच दुमडत मागं ओढा. रात्रभर ठेवली तर काळ्याची कड फाटून निघते.

बारीक काम

क्रोमच्या पट्ट्यांसाठी चिकट धातूची पातळ पन्नी किंवा लिक्विड क्रोम पेन. हे पेन क्लिअर कोटनंतरच, म्हणजे शेवटच्या पारदर्शक थरानंतरच वापरा. वरून क्लिअर मारला की आरसा जाऊन करडा रंग उरतो. हेडलाइटचं कडं टूथपिकच्या टोकानं रंगवा, ब्रशनं नाही. सीट आणि स्टिअरिंग प्लॅस्टिकचे, त्यांना पाण्याचा अ‍ॅक्रिलिक रंग, थिनरचा नाही.

नंबर प्लेटमध्ये जुन्या गाड्या लगेच पकडल्या जातात. खासगी गाडीवर पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं ही २००० नंतरची पद्धत. त्याआधी खासगी पाटी काळी आणि अक्षरं पांढरी, भाड्याच्या गाडीची पाटी पांढरी. म्हणून साठ-सत्तरच्या दशकातल्या अँबेसिडरला पांढरी पाटी लावली की ती भाड्याची होते. आणि एमएच-२० छत्रपती संभाजीनगर, एमएच-२२ परभणी, एमएच-२४ लातूर, एमएच-२६ नांदेड ही मालिका १९८९ पासूनची. त्याआधीच्या गाडीवर ती लावली तर जाणकार हसतो. ५०० बाय १२० मिमीची पाटी १:६४ ला ७.८ बाय १.९ मिमी होते, १:४३ ला ११.६ बाय २.८.

पाटी डेकल कागदावर, म्हणजे पाण्यात भिजवल्यावर छापील पापुद्रा सुटणाऱ्या कागदावर छापा. साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, तेव्हा काळ्या पाटीसाठी पांढरा डेकल कागद घ्या आणि फक्त काळा भाग छापा, अक्षरं कागदाच्याच पांढऱ्यातून उमटतात. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपी सेंटरमध्ये लेझर प्रिंटर असतो, तोच बरा. इंकजेटची शाई पाण्यात पसरते, त्यावर आधी क्लिअरचे दोन फवारे लागतात. कापलेला तुकडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये वीस-तीस सेकंद, मग बोटानं ढकलून जागेवर. खाली चकचकीत पृष्ठभाग हवा; खरखरीत रंगावर डेकल लावलं तर हवा अडकून चंदेरी दिसतं.

क्लिअर कोट

डेकल एक दिवस वाळल्यावर क्लिअर. पहिले दोन हात अगदी धुक्यासारखे, नाहीतर थिनर डेकलची शाई विरघळवतं. मग दोन ओले हात.

हार्डनर घालायचा दोन-घटकी पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर काचेसारखा बसतो, पण त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं इजा करू शकतं. रुमाल, कापडी मास्क, एन-९५, यातलं काहीही त्याला अडवत नाही, आणि वासानं धोका कळत नाही. हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर साधा एक-घटकी लॅकर क्लिअर मारा. छोट्या गाडीवर फरक फार थोडा दिसतो. त्यालाही मोकळी हवा आणि सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क हवाच.

संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला तर आठवडा थांबून २००० नंबरच्या ओल्या पेपरनं, मग ३००० नं हलकं घासा आणि रबिंग कंपाऊंडनं चमकवा. बॉनेटच्या कडा, टपाची धार यांना पेपर लावू नका. तिथं क्लिअर सर्वांत पातळ असतो आणि तीन फेऱ्यांत प्रायमर दिसू लागतो.

जोडणी

काच आधी. ओरखडे असतील तर तिलाही २०००, ३००० आणि कंपाऊंड. चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल. फेविक्विक अजिबात नाही. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते आणि पुसून जात नाही. मोठ्या मापात दारांच्या बिजागऱ्या घासून रंग उडतो, त्या कडा जोडण्याआधीच पेपरनं थोड्या उतरवा.

बेस बसवताना स्क्रू बोटांच्या चिमटीतल्या स्क्रूड्रायव्हरनं, लागला की थांबा. जस्ताचे आटे मऊ असतात, अर्धा फेरा जास्त झाला की निसटतात. निसटलेच तर भोकात अराल्डाइटचा थेंब घाला, स्क्रूला मेणाचा हात लावून तो आत फिरवा आणि अराल्डाइट घट्ट होईपर्यंत एक दिवस तसाच ठेवा. मेणामुळे स्क्रू चिकटत नाही, अराल्डाइटमध्ये नवे आटे उमटतात, आणि गाडी पुढंही खोलता येते.